आस

कॉलेजात मी काचा धुते. एकवीस वर्षं.
बंगड्याचं काळीज कुटून, मीठ-साबण घालून,
वरून गार स्पिरिट सोडलं
की नळीत मध्येच तरंगतं काहीतरी पांढरं,
शिरवाळ्याचं तुटकं टोक.
इंदुलकर मॅडम ते काडीवर गुंडाळून घेतात,
म्हणतात, रुकय्या, हा बंगडा.
मी म्हटलं, ह्याचं कालवण किती माणसांना?
पोरं हसली. त्याही हसल्या.
मग फळ्यावर चार अक्षरं काढली.
चारच.
मोहल्ल्यातल्या उधारीच्या वहीलाही
जास्त लागतात.

मूळ वही पेटीतच राहते, त्या सांगत होत्या.
बाहेर जाते ती चिठ्ठी, उतरवून घेतलेली,
काम झालं की फाटणारी.
तीन अक्षरं वाचायची, एक मणी ओवायचा,
पुन्हा तीन, पुन्हा एक.
आणि माळ सुटी झाली की
(इथे माझा फ्लास्क विसळायचा राहिला)
तिला कुणी दुमडत नाही. पाणी दुमडतं.
भाट्याच्या तरीत लाट आत आली
की भिजायला नको असलेले मध्ये सरकतात,
खलाशी कडेला ओलाच,
तसे मणी, पाणी न सोसणारे आत,
सोसणारे बाहेर,
रेटारेटीत एक आकार बसतो.
आकार बसला की काम येतं अंगात.

हे हसनला नवीन नव्हतं.
मिरकरवाड्यात जाळी सांधतो माझा भाऊ.
म्हणाला, दोऱ्याच्या गुंडीने
कुणी मासा धरलाय का, बुबू?

घरी चिंबोऱ्या उकळत होते.
काळ्याहिरव्या गेल्या, लाल झाल्या.
मला वाटायचं, विस्तवाचा रंग चढतो.
मॅडम म्हणतात, लाल आतच होता,
प्रथिनाच्या मुठीत आवळलेला,
चटका बसला, मूठ सुटली.
त्या रात्री झाकण काढून बघत बसले.
चिंबोऱ्या गार झाल्या.
मूठ काही परत मिटली नाही.

हसनचा जुबेर सहा वर्षांचा.
दर तीन आठवड्यांनी सिव्हिलमध्ये रक्ताची बाटली.
मुंबईहून आलेला कागद मी मॅडमकडे नेला,
कारण त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत.
त्यांनी पेनाचं टोक एका अक्षरावर टेकवलं.
इथं. हे एक बदललंय,
म्हणून माळेला अर्ध्यातच हुकूम मिळतो:
थांब.
ओवणारा थांबतो. त्याची काय चूक.

हसनच्या शेजारी बसून सगळं सांगितलं.
सुई चालूच होती.
किती अक्षरं असतात एकूण?
तीनशे कोटी.
आणि भोक एकाच जागी?
वह्या दोन असतात रे, एक आईची, एक बापाची.
दोन्हीत तीच जागा.
सुई थांबली.
म्हणजे माझ्यात पण?
तुझ्यात एक. शमीममध्ये एक.
एकाने काही होत नाही, दुसरी वही भागवते.
त्याने स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला,
दोऱ्याने कापलेल्या बोटांचा, खवलं चिकटलेला.
मग म्हणाला, दाखव कुठं आहे.
मुशीने फाडलेली आख्खी जाळी सांधलीत मी.
एक आस काय घेऊन बसलीस.

मी काय दाखवणार.
मी काचा धुते.

आज ओहोटी. जुबेर खडकावर उकिडवा,
शिनाण्या उपटतोय. निघत नाहीत.
लाटांचे इतके तडाखे खाऊन
केसाएवढ्या दोऱ्यांनी धरून बसल्यात.
ओढ, मी म्हणते, पिरगाळून ओढ,
तोही प्रथिनाचाच दोरा आहे.
म्हणजे काय, तो विचारतो,
आणि उत्तराची वाट न बघता
दोन्ही पाय रोवून ओढतो.
परवा बाटली चढली.
गाल जरा लाल आहेत.